शेंकडा साडेतीन

कर खजिना भरण्यासाठींच बसवितात, अशी आपली समजूत असते. १८९६ सालीं विलायती कापडावर शेंकडा साडेतीन जकात ठरली. परंतु हिंदी गिरण्यांना तिचा आडोसा मिळूं नये, या लँकेशायरच्या आग्रहास्तव त्यांच्या कापडावरही तितकाच कर बसला. गरिबांचें जाडेंभरडें कापड लँकेशायर फारसें विणीत नसे. तेंही सुटलें नाहीं. हा कर १९२६ सालीं रद्द झाला. पुढें १९३२ सालीं साखरेस संरक्षण मिळतांच चार-पांच वर्षांत कारखाने सुमारें चौपट झाले; मात्र स्वस्त परदेशी साखरेस गिऱ्हाईक मुकलें. जकात उद्योग वाढवूंही शकते, खुरटवूंही शकते. म्हणून तिचा दर किती, यापूर्वीं तो कोणाच्या हितासाठीं ठरला, हें आम्ही विचारूं.