कॉलेजचे पहिले वर्ष: घर सुटल्यावर होणारा त्रास आणि त्यावरचे उपाय

बारावी झाली, सीईटी किंवा नीट झाली, दुसऱ्या शहरातले कॉलेज मिळाले आणि बॅगा घेऊन तुम्ही होस्टेलवर आलात. पहिले पंधरा दिवस धावपळीत जातात. मग एखाद्या रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, रूममेट गावी गेलेला असतो आणि घशात आवंढा दाटून येतो.

असा त्रास होणारी मुले-मुली दवाखान्यात आली, तरी मनाबद्दल क्वचितच बोलतात. डोके दुखते, भूक लागत नाही, पोट बिघडते, लेक्चरला झोप येते, अशा तक्रारी सांगतात. या तक्रारी खोट्या नसतात. ताण वाढला की झोप, पचन आणि भूक या तिन्हींवर परिणाम होतो.

हा आजार आहे का?

बहुतेकांच्या बाबतीत नाही. घरची आठवण लाटेसारखी येते. दिवसा मित्रांत ती विसरते, जेवताना आणि झोपताना परत येते. काही आठवड्यांत लाटांमधले अंतर वाढते. दिवाळीला घरी जाऊन आल्यावर त्रास पुन्हा उफाळतो. ती तुमची पीछेहाट नव्हे.

कधीकधी मात्र त्रास याच्या पुढे जातो. बदल झाल्यापासून साधारण तीन महिन्यांच्या आत लक्षणे सुरू झाली आणि त्यांमुळे अभ्यास, जेवण, माणसांत मिसळणे अडू लागले, तर त्याला समायोजन विकार म्हणतात. समुपदेशनाने तो बहुधा बरा होतो. सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे किंवा कशातच रस न उरणे आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, हे नैराश्याचे लक्षण असू शकते. तेव्हा "सवय होईल" म्हणून थांबू नका.

मार्कांचा धक्का

दहावीला पंचाण्णव टक्के मिळवलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या चाचणीत वीसपैकी सात मिळतात. आजवर वर्गात पहिला येणे हीच त्याची ओळख होती. आता वर्गातले सगळेच आपापल्या शाळेतले पहिले असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना आणखी एक ओझे असते. विषय समजतो, पण इंग्रजीत उत्तर लिहिताना आणि व्हायवा देताना शब्द सापडत नाहीत. मग "मी ढ आहे" असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे, कारण अडचण भाषेची आहे, बुद्धीची नाही. संकल्पना आधी मराठीत समजून घ्या, तांत्रिक शब्दांची वेगळी वही करा आणि रोज एक उत्तर इंग्रजीत लिहून बघा. एखादा विषय राहिला, केटी लागली, तरी तो पुन्हा देता येतो. घरी ते लपवण्याचा ताण मात्र परीक्षेपेक्षा जड जातो.

झोप आणि जेवण

या वयात ७ ते ९ तास झोप लागते. वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेत करतो, त्यामुळे रात्रभर जागून सबमिशन पूर्ण होईल, पण अभ्यास लक्षात राहीलच असे नाही. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतो. म्हणून संध्याकाळनंतर ती टाळा. झोपण्याची वेळ पाळणे होस्टेलवर अवघड असते, उठण्याची वेळ तरी एकच ठेवा.

मेसचे जेवण आवडत नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणे हे थकव्याचे एक कारण आहे. शेंगदाणे-गूळ, फुटाणे, केळी, उकडलेली अंडी खोलीवरही जमतात. थकवा टिकला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि, विशेषतः शाकाहारी असाल तर, ब-१२ तपासून घ्यावे. सगळेच "टेन्शन" नसते.

आधीपासून दमा, मधुमेह किंवा फिट्सचा आजार असेल तर रूममेटला आणि रेक्टरना नक्की सांगा. जागरणाने फिट येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण चुकवू नये आणि साखर किंवा ग्लुकोज कायम जवळ ठेवावे. लाज वाटते म्हणून औषध लपवून घेणारे बरेचदा ते चुकवतात.

आई-वडिलांसाठी

रोज तीनदा व्हिडिओ कॉल केल्याने मुलाला तिथे रुजायला वेळच मिळत नाही. ठरलेल्या वेळी एक फोन पुरे. पहिला प्रश्न मार्कांचा नको, "एवढी फी भरली" हे वाक्य तर नकोच. मूल रडले म्हणून लगेच घरी आणू नका. पण "मला इथे राहायचेच नाही" असे आठवड्यांमागून आठवडे म्हणत असेल तर स्वतः जाऊन भेटा.

रॅगिंग हा जुळवून घेण्याचा भाग नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांत सुधारणा नसेल, खोलीबाहेर पडणे बंद झाले असेल, दारू किंवा इतर नशेचा आधार घ्यावा लागत असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही मानसोपचार ओपीडी असते. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत, चोवीस तास आणि मराठीतही आहे. मित्र असे बोलला तर त्याला एकटे सोडू नका. "कुणाला सांगू नकोस" हे वचन मोडले तरी चालेल.

"घरी कळेल का?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका असेल तर याला अपवाद होतो आणि वय १८ पेक्षा कमी असेल तर उपचारांत पालकांना सहभागी करावे लागते. सुरुवात बहुधा बोलण्यानेच होते. नैराश्याची गोळी लागलीच तर तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तिचे व्यसन लागत नाही, पण बरे वाटले म्हणून ती एकदम बंद करू नका.