बहिणीची सही

2011 साली आत्याला गाडीत घालून तालुक्याला दुय्यम निबंधक कार्यालयात मीच घेऊन गेलो होतो. आजोबा आदल्या वर्षी गेले, आजी त्याआधीच. हक्कसोडपत्र तयार होतं. मुद्रांक 200 रुपयांचा. आत्याने वाचलं नाही, कुणी वाचूनही दाखवलं नाही. सही, अंगठा, फोटो. मग हॉटेलात जेवण, आणि घरी आल्यावर आईने साडी-चोळी केली. येताना आत्याने विचारलं, "किती होती रे माझी?" मी म्हणालो, तीन एकर. "म्हणजे विहिरीकडची सगळी पट्टी की!" एवढंच बोलली.

आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

हे तीन एकर कुठून आले, ते नंतर वाचलं. आमची जमीन वडिलोपार्जित, नऊ एकर. वाटेकरी वडील, काका आणि आत्या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वारस केलं खरं, पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः वाटेकरी फक्त मुलगाच राहिला. म्हणजे आधी आजोबा आणि दोन मुलगे असे तीन-तीन एकर, आणि आजोबांच्या तीन एकरांत तिघं भावंडं. हिशेब करा: भावांना चार-चार, बहिणीला एक. याला समान वारसा म्हणायचे!

बाबासाहेबांचं हिंदू कोड बिल याहून पुढचं होतं. ते रखडलं आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे हेही एक कारण होतं. तेव्हाचा आक्षेप आजही पारावर ऐकू येतो: जमिनीचे तुकडे होतील, भावाबहिणीत वैर येईल. चार भाऊ चार तुकडे करतात तेव्हा मात्र त्याला रीतसर वाटणी म्हणतात.

22 जून 1994 पासून महाराष्ट्राने मुलीलाही जन्मतः हक्क दिला. केंद्राच्या 11 वर्षं आधी. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आत्याचं लग्न 1978 चं, म्हणजे ती बाहेरच. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली. बाप तेव्हा हयात नसला तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं.

म्हणजे एकाचे तीन एकर व्हायला जवळपास 50 वर्षं लागली, आणि ते जायला एक दुपार.

बरं, जबरदस्ती कुणी केली नव्हती. तिला फक्त माहीत होतं की सही दिली नाही तर दिवाळीला, राखीला माहेरचं दार पूर्वीसारखं उघडणार नाही. वाटा घेतलेली बहीण गावात "कोर्टात गेलेली" म्हणून ओळखली जाते, मग ती कोर्टाची पायरी चढलेली असो वा नसो. भावाला अशी किंमत कधीच मोजावी लागत नाही. त्याला हक्क सोडशील का, असं विचारतंय कोण?

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली होती. शेतकऱ्यांनी आपणहून जमीन बायकोच्या नावे केली, गावंच्या गावं. तेव्हा जमीन खुशीने देता येते, हे आपल्याच मुलखात दिसलेलं आहे. पण ती बायकोची गोष्ट झाली. बहिणीचं नाव निघालं की सगळे गप्प.

गेल्या मार्चमध्ये वडील गेले. वारस नोंदीत आईचं, माझं आणि ताईचं नाव लागलं. तेव्हापासून काका दर आठवड्याला विचारतात, "ताईची सही कधी घेतोस?" काल ताईचाच फोन आला, "कधी येऊ सहीला?"

मी तिला म्हणालो, ये, पण आधी शेतावर जाऊ. विहिरीकडची पट्टी तू नीट बघितलेली नाहीस.