मळखेडची आकड्यांची माळ : १२३४५६५४३२१

आळंदहून गुलबर्गा आणि तिथून सेडमच्या रस्त्याला लागलं की कागिणा नदीकाठी मळखेड येतं. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच. पडका किल्ला आणि नेमिनाथाची बसदी पाहून आपण परततो. पण त्या काळाचा एक ऐवज दगडात नाही, एका संख्येत आहे.

इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. आरंभी अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती आहे, म्हणून ग्रंथ त्याच्या आश्रयाने झाला असं अभ्यासक मानतात. त्यातल्या गुणाकाराच्या उदाहरणांत २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगितलंय. साधा आठ अंकी कॅल्क्युलेटर इथे हात टेकतो, तेव्हा कागद घ्या. उत्तर : १२३४५६५४३२१. म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छपन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच. अशा उत्तरांना आचार्य गळ्यातल्या हाराची उपमा देतात.

गंमत उत्तरापेक्षा प्रश्नात आहे. २७९९४६८१ कडे पाहून कुणाला काही सुचेल का? पण उत्तर म्हणजे सहा एकांच्या ११११११ चा वर्ग! सहा एक मोजूनच लिहा. या ११११११ चे अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. त्यातले ३ आणि ७ घेतले की २१, त्याचा वर्ग ४४१. उरलेल्यांचा गुणाकार ५२९१, त्याचा वर्ग २७९९४६८१. हे योगायोगाने जुळत नाही. माझ्या मते आचार्यांनी आधी माळ ओवली आणि मग ती दोन तुकड्यांत तोडून विद्यार्थ्यापुढे टाकली. आम्ही इंजिनिअर लोक परीक्षेचे प्रश्न असेच उलटे बनवायचो.

माळ का होते तेही सोपं आहे. ११११११ ला ११११११ ने गुणताना सहा ओळी एकेक घर सरकत जातात. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे सहापर्यंत एक जमतात, मग उतरतात. हातचा कुठेच येत नाही. नऊ एकांपर्यंत हे चालतं, दहाव्याला माळ तुटते.

ही संख्या आचार्य शब्दांतही सांगतात : एकापासून सहापर्यंत चढत, मग क्रमाने उतरत. स्थानमूल्य वाचकाच्या अंगवळणी पडलेलं असल्याशिवाय असं वर्णन करता येत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘प्राचीन गणिता’च्या गप्पांपेक्षा हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर याच जातीच्या संख्यांमागे लागले. त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटलं, जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवलीच्या जुन्या नावावरून, कारण कल्पना तिथे सुचली होती.

मूळ ग्रंथ रंगाचार्यांनी १९१२ मध्ये मद्रासहून इंग्रजी भाषांतरासह छापला. हिंदी अनुवादाची आवृत्ती १९६३ ची, आणि ती निघाली आपल्या शेजारच्या सोलापुरातून. परिकर्म-व्यवहार उघडा, गुणाकार सुरुवातीलाच आहे.