दिवा आणि त्याचे घर

आम्हा कवींना दिवा म्हटले की ज्योत आणि पतंग एवढेच सुचते. माझे मामू वायरमन. बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत त्यांची हयात गेली. कारखान्यात शिरले की ते आधी मान वर करून छताकडे बघत. "मामू, काय बघताय?" असे मी एकदा विचारले. म्हणाले, "दिवा नाही रे, दिव्याचे घर बघतोय."

या बोलण्यामागे मोठा इतिहास आहे, हे मला पुढे वाचनातून कळले.

आपल्याकडचा जुना कारखाने कायदा १९४८ चा होता. त्याचे सतरावे कलम सांगत असे, की कामाच्या जागी पुरेसा आणि योग्य प्रकाश हवा. सदतिसावे कलम सांगत असे, की जिथे पेट घेणारा वायू, वाफ किंवा धूळ असेल, तिथे ठिणगीचे प्रत्येक कारण दूर ठेवा, नाहीतर पक्के बंदिस्त करा. म्हणजे एक कलम दिवा लावायला सांगत असे आणि दुसरे त्याला कोंडून ठेवायला.

ही युक्ती खाणीतून आली. इंग्लंडमध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत १८१२ साली स्फोट होऊन ९२ जण दगावले. अशा अपघातांनंतर १८१५ साली हंफ्री डेव्ही याने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळीतून बाहेर येताना ज्वाळेची उष्णता धातू शोषून घेतो आणि बाहेरचा वायू पेटत नाही.

सॉल्व्हंटच्या वाफा असतात त्या विभागात जो जाड, वजनदार 'फ्लेमप्रूफ' दिवा टांगलेला असतो, तो याच तत्त्वावर चालतो. त्याच्या पेटीत वायू शिरतच नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. वायू आत शिरू शकतो, पेटूही शकतो. पेटी तो स्फोट आतल्या आत सोसते. झाकणाच्या अरुंद, रुंद काठाच्या सांध्यातून बाहेर पडेपर्यंत ज्वाळा निवते. म्हणून एक बोल्ट कमी झाला, सांध्यात मनाने पॅकिंग घातले किंवा पेटीला नवे भोक पाडले, की ती नुसतीच जड पेटी उरते.

आता जुने मर्क्युरीचे आणि सोडियमचे दिवे, ट्यूबलाइट काढून एलईडी बसवले जात आहेत. वीज वाचते, हे चांगलेच आहे. पण धनबादच्या खाण संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी चाचणी होते ती पेटी, दिवा आणि जोडणी मिळून अख्ख्या वस्तूची. आतला दिवा बदलला, तर जुना दाखला त्याला लागू राहीलच असे नाही. जागेचा धोका किती, हेही भारतीय मानकांनी शून्य, एक आणि दोन अशा झोनमध्ये वाटून दिले आहे. एका झोनमध्ये चालणारा दिवा दुसऱ्यात चालेलच असे नाही.

आठ-दहा वर्षांपूर्वी एका कारखान्यात मामूंना जुन्याच पेट्यांना भोके पाडून एलईडी बसवायला सांगितले. मामूंनी नकार दिला. ते काम दुसऱ्याला मिळाले आणि मामूंचे तिथले येणे-जाणे संपले. घरात मामी चिडल्या, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "परमिट माझ्या नावाचे आहे."

परमिटचा हा आग्रह जुना आहे. १९५६ च्या वीज नियमांनी अशी कामे परवानाधारक ठेकेदाराने, जाणकाराच्या देखरेखीखाली करावीत, असे घालून दिले होते. २००३ साली नवा वीज कायदा आला. त्याखाली २०१० आणि २०२३ साली सुरक्षेचे नवे विनियम आले. पुस्तके बदलली, जाणकार हात आणि पक्के अर्थिंग यांची अट सुटली नाही.

तारापूरने स्फोट पाहिले आहेत. जानेवारी २०२० मध्ये इथल्या एका रसायन कारखान्यातल्या स्फोटात कामगारांचे बळी गेले. प्रत्येक स्फोटामागे दिवा असतो, असे मी म्हणत नाही. पण पालघर-बोईसरच्या कितीतरी घरांतून माणसे रोज रात्रपाळीला निघतात. दिवे बदलल्यावर बिल किती कमी झाले, हे मालकाला महिन्याभरात दिसते. नव्या दिव्याचा दाखला या जागेसाठीच आहे का, हे मात्र कोणीतरी मुद्दाम मान वर करून विचारावे लागते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)