स्तनवर्धनानंतर आकाराची चिंता: पहिले सहा आठवडे आणि पुढचे सहा महिने

स्तनवर्धन म्हणजे स्तनग्रंथीच्या किंवा छातीच्या मोठ्या स्नायूच्या खाली इम्प्लांट बसवून स्तनांचा आकार वाढविण्याची शस्त्रक्रिया. इम्प्लांट सिलिकॉन जेलचे असते किंवा मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने भरलेले असते. वेदना होतील, टाके ओढतील, हात वर उचलता येणार नाहीत, याची कल्पना रुग्ण स्त्रीला आधी दिलेली असते. प्रत्यक्षात पट्टी सुटल्यावर तिला सर्वाधिक अस्वस्थ करते ती निराळीच शंका: आकार चुकला तर नाही? पहिल्या आठवड्यात ‘फारच मोठे झाले’ असे वाटते. सव्वा-दीड महिन्याने त्याच स्त्रीला ‘एवढा खर्च करून लहानच राहिले’ असे वाटू लागते. इम्प्लांट मात्र दोन्ही वेळी तेच असते. त्यातील घनफळात एका थेंबाचाही फरक पडलेला नसतो.

मोठ्या शहरात राहणारी स्त्री अशा वेळी शल्यविशारदाकडे जाऊन शंका फेडून घेऊ शकते. पूर्व विदर्भाच्या टोकाला ते इतके सोपे नाही. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांध आणि इटियाडोहच्या परिसरात प्रतापगड हे गाव आहे. अशा गावातून या शस्त्रक्रियेसाठी वाट धरावी लागते ती बहुधा नागपूरची, आणि साकोली-भंडाऱ्यावरून नागपूर गाठण्यात गाडीने तीन-एक तास जातात. नागपूरला या शास्त्राची परंपरा जुनी आहे. डॉ. सी. बालकृष्णन यांनी तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५०च्या दशकाच्या अखेरीस उभा केलेला प्लास्टिक सर्जरी विभाग देशातील पहिल्या विभागांत गणला जातो. परंतु शस्त्रक्रिया नागपुरात झाली तरी बरे होण्याचा काळ गावातच काढायचा असतो. आरसा घरात आणि डॉक्टर दूर, अशी ही स्थिती. कोणती चिंता सहा महिने बाजूला ठेवायची आणि कोणती लक्षणे दिसताच त्याच रात्री गाडी काढायची, हे तेथील स्त्रीला शस्त्रक्रियेपूर्वीच ठाऊक असले पाहिजे.

आरशात दिसते ते काय असते?

शस्त्रक्रियेनंतरची सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. ऊती उकलून पोकळी केलेली असल्यामुळे त्या भागात द्रव साचतो. त्याखेरीज भूल आणि वेदनाशामक औषधांमुळे पोट साफ होत नाही, अंगात जडपणा येतो, पोट फुगते. अशा अवस्थेत आरशासमोर उभे राहिल्यावर केवळ स्तनच नव्हे, सारे शरीरच अवाढव्य झाल्यासारखे वाटते. सूज बरीचशी तीन ते सहा आठवड्यांत ओसरते, उरलेली ओसरायला काही महिने लागतात.

सुजेइतकाच दुसरा भाग स्नायूचा. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर नव्याने ताणला गेलेला हा स्नायू आखडतो आणि इम्प्लांटला वर, गळपट्टीच्या हाडाकडे ढकलून धरतो. त्यामुळे सुरुवातीला स्तनांचा वरचा भाग फुगीर आणि खालचा सपाट दिसतो. बाजूने पाहिल्यास चौकोनी ठोकळ्यासारखा आकार दिसतो आणि स्तनाग्रे खाली झुकल्यासारखी वाटतात. पुढे स्नायू सैलावतो, खालची त्वचा ताण घेऊन वाढते आणि इम्प्लांट हळूहळू आपल्या जागी उतरते. या उतरण्याला तीन ते सहा महिने लागतात. त्वचा घट्ट असेल, किंवा मूल झालेले नसेल, तर कधी त्याहूनही अधिक. वरचा फुगवटा कमी झाला की ‘लहान झाले’ असा भास होतो. वस्तुतः तेच घनफळ आता खाली आणि पुढे विसावलेले असते.

दोन्ही बाजू एकाच गतीने उतरत नाहीत. उजव्या हाताने काम करणाऱ्या स्त्रीचा उजवा स्नायू बळकट असतो आणि ती बाजू बहुधा मागे राहते. शिवाय जवळपास प्रत्येक स्त्रीचे दोन स्तन मुळातच थोडे असमान असतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्याकडे कुणी निरखून पाहिलेले नसते. नंतर मात्र दिवसातून दहा वेळा पाहिले जाते. अशा वेळी शस्त्रक्रियेपूर्वीची छायाचित्रे उपयोगी पडतात. आठवड्यातून एकदाच, त्याच उजेडात, हात खाली सोडून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढावे आणि मागच्या आठवड्याच्या छायाचित्राशी ताडून पाहावे. रोज आरशाला विचारण्यापेक्षा हे अधिक विश्वसनीय. ही छायाचित्रे मोबाइलवरून पाठवायची झाल्यास ती उपचार करणाऱ्या डॉक्टरखेरीज कुणाकडे जाणार नाहीत, हे मात्र आधी ठरवून घ्यावे.

पहिल्या आठवड्यांत आणखी काही अनुभव घाबरवतात. स्तनाग्राला बधिरपणा येतो, मध्येच वीज चमकावी तशी कळ उठते. ताणल्या गेलेल्या मज्जातंतूंचे हे लक्षण असते. हालचाल करताना आत पाणी हलल्यासारखा आवाज येतो, तो पोकळीत राहिलेल्या हवेचा आणि द्रवाचा. काहींच्या स्तनाखाली ताठ दोरीसारखी रेघ हाताला लागते. हे बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होते. बधिरपणा मात्र काही महिने रेंगाळतो आणि थोड्या स्त्रियांत कायमचा राहतो.

घनसेंटिमीटर, कप आणि तांदूळ

आकाराविषयीच्या नाराजीचे मूळ अनेकदा शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्यात असते. स्त्री बोलते ‘कप’च्या भाषेत, डॉक्टर बोलतात घनसेंटिमीटरच्या भाषेत. कप हे काही प्रमाणित माप नव्हे. एका कंपनीचा ‘सी’ दुसऱ्या कंपनीच्या ‘डी’एवढा भरू शकतो. शिवाय ३०० घनसेंटिमीटरचे इम्प्लांट अरुंद छातीच्या, सडपातळ स्त्रीला भरघोस दिसते आणि रुंद खांद्यांच्या स्त्रीला जेमतेम. म्हणून ‘मैत्रिणीने ३५० घातले, मलाही तेच हवे’ या मागणीला शास्त्रीय अर्थ नाही.

इम्प्लांटची निवड प्रामुख्याने स्तनाच्या तळाची रुंदी, त्वचेची ताणक्षमता आणि वरच्या ऊतींची जाडी यांवर होते. जॉन टेबेट्स आणि विल्यम ॲडम्स या अमेरिकी शल्यविशारदांनी २००५ मध्ये पाच मोजमापांवर आधारलेली निर्णयपद्धती प्रसिद्ध केली. तिचा रोख असा की, शरीराच्या ऊती जेवढे पेलू शकतील तेवढेच घालावे. तळापेक्षा रुंद इम्प्लांट घातले तर काठ जाणवतात, त्वचा पातळ होते, काही वर्षांनी स्तन ओघळतात. हौशीला लगाम घालणारा डॉक्टर त्या क्षणी कंजूष वाटतो, एवढेच.

मोजमाप आधी आणि निकाल उशिरा, हा या विद्येचा जुनाच शिरस्ता आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नवे नाक पुण्याच्या परिसरात तयार झाले. त्याची हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. त्या कारागिराने आधी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवून पाहिले, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि तेवढीच कातडी कापून खाली वळवली. कपाळाशी जोडलेला देठ त्याने सुमारे पंचविसाव्या दिवशी कापला आणि त्यानंतरच नाकाचा अंतिम आकार नीट केला. तोवर कावसजीला आरसा दाखवला गेला की नाही, याची नोंद नाही.

आजच्या काळात मेणाऐवजी सिलिकॉनचे नमुने ब्रेसियरमध्ये ठेवून पाहण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती नसेल तर घरगुती उपाय तांदळाचा, आणि गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात तो कुणाला शिकवावा लागू नये. मोजपात्राने ठरावीक मिलिलिटर तांदूळ मोजून ते पातळ मोज्यात बांधावेत आणि घट्ट ब्रेसियरमध्ये ठेवून एक-दोन दिवस घरात वावरावे. मिलिलिटर आणि घनसेंटिमीटर एकच. यातून भरीवपणाचा अंदाज येतो. मात्र बाहेर ठेवलेली पुरचुंडी जेवढी उठून दिसते, तेवढे स्नायूखाली दबलेले इम्प्लांट दिसत नाही. हा फरक आधी ठाऊक असला तर पुढची निम्मी निराशा टळते.

मनाची घालमेल

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात उदास वाटणे, विनाकारण रडू येणे, ‘उगाच केले’ असा पश्चात्ताप होणे हे बऱ्याच रुग्णांत दिसते. भूल, वेदना, अपुरी झोप आणि परावलंबित्व यांचा तो एकत्रित परिणाम असतो. गावात त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते: लपवाछपवीची. सासरी, शेजारी कुणालाच सांगितलेले नसते; ‘नागपूरला गाठ काढायला गेली होती’ असे काहीतरी सांगून वेळ मारून नेलेली असते. मग चौथ्या दिवशी पाण्याची गुंडी उचलण्यास नकार कसा द्यायचा? रोवणीचे दिवस असतील तर बांधीत उतरणार नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? सरपणाचा भारा, धानाचे पोते, कडेवरचे मूल यांपैकी काहीही पहिल्या चार ते सहा आठवड्यांत उचलणे योग्य नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत प्रतापगड चढणेही त्या काळात टाळावे. जोर पडल्यास आत रक्तस्राव होऊ शकतो किंवा इम्प्लांट सरकू शकते. इम्प्लांट पन्नास घनसेंटिमीटरने कमी-जास्त असण्यापेक्षा ही लपवाछपवी कितीतरी अधिक धोक्याची आहे. घरातील निदान एका व्यक्तीला खरे काय ते सांगितलेले असावे.

काही थोड्या स्त्रियांत मात्र चिंता ओसरत नाही. सूज उतरली, आकार ठरल्याप्रमाणे आला, सर्जन समाधानी आहे, तरीही तासन्‌तास आरसा आणि तोच विचार. ‘बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर’ नावाचा हा मानसिक विकार सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक आढळतो. आणखी एक शस्त्रक्रिया हा त्यावरचा इलाज नव्हे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

थांबायचे नाही अशी वेळ

एकच स्तन काही तासांत दुसऱ्यापेक्षा ठळकपणे फुगला, ताठ झाला, काळानिळा पडला आणि दुखणे वाढत गेले, तर ती सूज नव्हे. आत रक्त साकळत असण्याची शक्यता मोठी. हे बहुधा पहिल्या काही दिवसांत घडते आणि रक्त काढून टाकण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. ताप, वाढत जाणारी लाली, जखमेतून पू किंवा घाण वास, टाके उसवून आतील भाग दिसणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा छातीत कळ आली तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी नागपूरच्या डॉक्टरला फोन जरूर करावा, पण त्याची वाट पाहत घरी थांबू नये. जवळच्या रुग्णालयात, गरज पडल्यास गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तात्काळ पोहोचावे आणि इम्प्लांट बसवले आहे हे तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

आकार ‘खरोखर’ कमी होण्याचे एक उदाहरण आहे. मिठाच्या द्रावणाचे इम्प्लांट फुटले तर तो स्तन एक-दोन दिवसांत बसतो. ते द्रावण शरीर निरुपद्रवीपणे शोषून घेते, पण इम्प्लांट बदलावे लागते. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट फुटले तर बहुधा बाहेरून काहीच कळत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिलेल्या सूचनेनुसार, त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करावी. याउलट, काही महिन्यांनी स्तन मऊ होण्याऐवजी कडक होत, वर ओढला जात असेल, तर भोवतीचे तंतुमय आवरण आकुंचन पावत असावे. तेही दाखवायलाच हवे.

बदलायचेच असेल तर

आकार बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया, तातडीचे कारण नसेल तर, सहा महिन्यांच्या आत करू नये असे बहुतेक सर्जन सांगतात. सुजलेल्या ऊतींवर घेतलेले माप चुकते आणि त्याच जागी पुन्हा उकल केल्याने गुंतागुंत वाढते. इम्प्लांट आयुष्यभराचे नसते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकी प्रशासनाच्या माहितीनुसार, सौंदर्यासाठी इम्प्लांट घालणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ते ८ ते १० वर्षांत काढावे लागते. थोड्याशा नाराजीसाठी लगेच एक शस्त्रक्रिया खर्ची घालण्यापेक्षा, पुढे कधीतरी ती करावी लागणारच असेल तेव्हा आकाराचाही विचार करणे अनेकांना सोयीचे वाटते.

खर्चाचा प्रश्न वेगळाच. भारतातील आरोग्यविमा पॉलिसींमध्ये सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च साधारणपणे वगळलेला असतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना यांना त्यातून सूट मिळू शकते. कर्करोगामुळे स्तन काढलेल्या स्त्रीच्या बाबतीत आकाराची चिंताही निराळी असते. तिच्या त्वचेखाली बरेचदा आधी फुग्यासारखा विस्तारक बसवून तो ठरावीक अंतराने द्रावणाने भरतात. त्या महिन्यांतला वेडावाकडा, कडक आकार तात्पुरता असतो, कारण कायमचे इम्प्लांट नंतर बसवायचे असते.

शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी असो वा पुनर्रचनेसाठी, रुग्णालयातून निघताना इम्प्लांटचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर कंपनी, प्रकार, घनफळ आणि क्रमांक असतो. फ्रान्सच्या ‘पीआयपी’ कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे २०१० मध्ये उघड झाले, तसेच विशिष्ट प्रकारच्या लिम्फोमाशी असलेल्या संबंधामुळे ॲलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली. त्या दोन्ही वेळी, आपल्या शरीरात नेमके काय आहे हे कार्ड जपून ठेवणाऱ्यांना लगेच कळले.