‘हरकत नाही’ म्हणजे ‘केले’ नव्हे : महाडचा ठराव आणि पालीची नगरपंचायत

दरवर्षी २० मार्चला सुधागड तालुक्यातून महाडला गाड्या निघतात. वाकणला महामार्ग गाठायचा, दक्षिणेकडे वळायचे आणि दुपारच्या आत चवदार तळ्यावर पोहोचायचे. बाबासाहेबांनी तिथे पाण्याची ओंजळ उचलली, हे आपल्यातल्या लहान मुलालाही माहीत असते. पण ते तळे कोणाच्या मालकीचे होते, असे तरुणांना विचारले की बहुतेक जण थांबतात. ते ना राजाचे होते, ना देवस्थानाचे, ना कोणा सावकाराचे. ते महाड नगरपालिकेचे होते. म्हणजे तो संघर्ष धर्माच्या नावाने चाललेल्या अन्यायाविरुद्ध होताच, शिवाय एका स्थानिक स्वराज्य संस्थेने स्वतःच केलेला ठराव अमलात न आणण्याविरुद्धही होता.

ही बाजू आपल्या भाषणांत फारशी येत नाही. पाली आता नगरपंचायत झाली आहे. म्हणून नगरपंचायतीचा निर्णय कसा होतो, कुठे अडतो आणि तो कुठे पकडता येतो, हे समजून घ्यायला आपल्याच जिल्ह्यातले हे प्रकरण सर्वांत उपयोगी आहे, असे आम्हाला वाटते.

ठराव झाला, पाणी मिळाले नाही

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा सरकारने अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करावेत, असा तो ठराव. सप्टेंबरमध्ये सरकारने खात्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना त्याप्रमाणे कळवले. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना मात्र सक्ती केली नाही, त्यांना सल्ला द्यायचे ठरले.

महाड नगरपालिकेने तो सल्ला मानला. ५ जानेवारी १९२४ रोजी तिने ठराव केला की अस्पृश्यांनी तळे वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही. त्या काळी कुलाबा जिल्ह्यात हे लहान पाऊल नव्हते. महाडच्या पालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी साथ देणारी माणसे होती, म्हणून ते झाले.

पण ठरावाचे शब्द पुन्हा वाचा. ‘हरकत नाही.’ तळ्यावर कोण उभे राहील, कोणी अडवले तर काय करायचे, कोणत्या तारखेपासून, यातले काहीही त्यात नाही. परिणाम असा की पुढची तीन वर्षे तळ्याचे पाणी कोणीही घेतले नाही. कागदावर तळे खुले होते आणि घाटावर बंद होते.

सरकारलाही हे दिसत होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला : जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड आधीचा ठराव अमलात आणणार नाही, तिला सरकारी अनुदान देऊ नये. आम्हाला बोले यांचे हे दुसरे पाऊल पहिल्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. सल्ल्याने हलत नाही ते पैशाने हलते, हे त्यांनी तीन वर्षांत ओळखले होते.

त्यानंतर १९ आणि २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद आली. २० तारखेला लोक रांगेने तळ्यावर गेले. परतीच्या वाटेवरची मारहाण आणि नंतरचे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ आपल्याला माहीत आहे. पण त्या वर्षीच्या ४ ऑगस्टला काय झाले, ते फार थोड्यांना ठाऊक असते. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. जो हक्क सभेत हात वर करून दिला होता, तो तसाच हात वर करून काढला.

पुढे २५ डिसेंबरचा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण रहिवाशांनी १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मनाई करण्याची चाल फार पुरातन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली, तळ्यावर मात्र बाबासाहेबांनी लोकांना नेले नाही. त्यांनी न्यायालयाचा हुकूम पाळला आणि लढा न्यायालयातच नेला. ८ जून १९३१ ला महाडचा निकाल आपल्या बाजूने लागला, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याच्या न्यायालयात तो कायम झाला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे वादींचे अपील फेटाळले गेले. मनाईची चाल अनादी काळापासून असल्याचे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने ठरवले.

१९२४ ते १९३७. नगरपालिकेचा एक ठराव खरा व्हायला तेरा वर्षे, एक सत्याग्रह आणि तीन न्यायालये लागली.

पालीत काय बदलले

बल्लाळेश्वरामुळे पालीला राज्यभरातून माणसे येतात, सुट्टीच्या दिवशी रस्ते तुंबतात, कचरा वाढतो. गावाला पाणी अंबा नदीचे, आणि ते शुद्ध होऊन मिळावे ही मागणी पालीकरांच्या कित्येक निवडणुका पाहून झालेली आहे. हे सगळे ग्रामपंचायतीच्या काळातही होते. नगरपंचायतीची पहिली निवडणूक २१ डिसेंबर २०२१ आणि १८ जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाली, १९ जानेवारीला निकाल लागला. रायगड जिल्ह्यात तेव्हाच खालापूर, तळा, माणगाव, म्हसळा आणि पोलादपूर इथेही मतदान झाले.

या बदलात एक गोष्ट आपल्या हातून गेली, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ग्रामसभेत वाडीतली कोणतीही मतदार बाई उभी राहून सरपंचाला विचारू शकत होती की आमच्या पाखाडीचे काय झाले. ग्रामसभा कशा भरतात, कोरम कसा दाखवतात, हे आम्हालाही माहीत आहे. तरी बोलण्याचा हक्क होता. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत बोलतो तो नगरसेवक. प्रभागातल्या माणसाला प्रश्न विचारायचा तर नगरसेवकामार्फत किंवा अर्जाने. म्हणून कागद वाचता येणे ही आता चळवळीची गरज झाली आहे.

नगरपंचायत चालते ती महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत स्थान मिळाले. त्या दुरुस्तीबरोबर आलेल्या बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत. त्यांत पाणीपुरवठा आहे, रस्ते आहेत, झोपडपट्टी सुधारणा आहे, दफनभूमी-दहनभूमी आहे आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हाही स्वतंत्र विषय आहे. वाडीच्या स्मशानाकडे जाणाऱ्या पायवाटेसाठी अर्ज देताना ‘कृपा करून’ हा शब्द वगळायला ही अनुसूची पुरेशी आहे.

एका कामाचा कागद कसा फिरतो

समजा, वाडीत काँक्रीटचा रस्ता आणि गटार हवे आहे. नगरसेवक विषय देतो. तो सभेच्या विषयपत्रिकेवर येतो. सभा ठराव करते. इथे वाडीत पेढे वाटले जातात, आणि महाडचा धडा इथेच लागू होतो.

कारण ठरावानंतरच खरी वाट सुरू होते. अभियंता अंदाजपत्रक करतो. तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता लागते. पैसा कोणत्या शीर्षाखाली पडणार हे ठरावे लागते. मग निविदा, मग ठेकेदाराला कार्यादेश, मग काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक. ठराव अमलात आणण्याची जबाबदारी मुख्याधिकाऱ्यांची. नगराध्यक्षांना दहा वेळा भेटून एकदाही मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी न देणारे कार्यकर्ते आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

कोकणातल्याच एका लहान शहरात आम्ही एका बौद्ध वस्तीच्या कामाचा माग काढला होता. ठराव होता, त्याची झेरॉक्स विहारात जपून ठेवलेली होती. चौकशी केली तर ठरावात कामाचे नाव होते, पण गट क्रमांक नव्हता, लांबी नव्हती आणि निधीचे शीर्षही नव्हते. त्याच नावाचा रस्ता दुसऱ्या आळीत झाला होता आणि कागदोपत्री ‘काम पूर्ण’ होते. खोटेपणा म्हणावा तर कुठे बोट ठेवायचे, हेच कळेना. ठरावच तसा ढिला होता.

म्हणून ठराव मंजूर होण्याआधी त्याचा मसुदा पाहायला हवा. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, कोणत्या निधीतून, या तीन गोष्टी ठरावात आल्या की निम्मे भांडण संपते. निधीसाठी दोन जागा आधी तपासाव्यात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या सुधारणेसाठी शहरी भागाला राज्याची योजना आहे. ग्रामपंचायत असताना ज्या योजनेतून जिल्हा परिषदेकडे प्रस्ताव जात होता ती ग्रामीण योजना होती, तिचे जुने प्रस्ताव नगरपंचायतीत आपोआप पुढे सरकत नाहीत, ते नव्याने द्यावे लागतात. दुसरी जागा म्हणजे नगरपंचायतीच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातला दुर्बल घटकांसाठीचा ५ टक्के राखीव भाग. तो कशावर खर्च झाला हे विचारले जात नाही, म्हणून तो कुठेही खर्च होतो.

विचारायचे कसे, तर माहितीच्या अधिकाराने. २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. ‘आमच्या प्रभागात विकासकामे का झाली नाहीत’ असा प्रश्न लिहिला तर उत्तर मिळत नाही, कारण ‘का’ ही माहिती नव्हे. अमुक तारखेच्या सभेचे इतिवृत्त, अमुक ठरावाची प्रत, अमुक कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेची पाने, असे मागावे. मोजमाप पुस्तिका हातात आली की टेप घेऊन रस्ता मोजता येतो. हे काम दहावी झालेली मुलेही करू शकतात, आणि त्यातून जे शिकायला मिळते ते शिबिरात मिळत नाही.

एखादा ठराव बेकायदा आहे किंवा त्याने लोकांना इजा होणार आहे असे दिसले तर १९६५ च्या कायद्याचे कलम ३०८ लक्षात ठेवावे. त्याखाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात.   हे दार उघडायला मात्र ठरावाची प्रत आणि वेळेवर दिलेला लेखी अर्ज लागतो.

आराखडा आणि उपविधी

कामे चुकली तर पुढच्या वर्षी दुरुस्त होतात. विकास आराखडा चुकला तर पुढची वीस वर्षे भोगावे लागते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे शहराचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नंतर समितीपुढे सुनावणी होते. विहाराची जागा आराखड्यात कशात दाखवली आहे? वाडीच्या मधून रस्ता आखला आहे का? स्मशानभूमी नकाशावर आहे का, की फक्त आपल्या आठवणीत आहे? कोकणात अनेक विहार आणि स्मशाने वहिवाटीने चालत आलेली आहेत, सातबाऱ्यावर त्यांची नोंद सापडेलच असे नाही. ती नकाशावर आणण्याची संधी त्या ३० दिवसांत असते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, सुनावणीला पाच जणांनी तरी जावे.

उपविधींचेही तसेच. बाजारात कोण कुठे बसेल, फेरीवाल्याला किती फी, कचऱ्याचा दंड किती, हे उपविधींनी ठरते. देवस्थानाच्या रस्त्यावर हार-फुले, पापड, कोकम विकणाऱ्या बायांत सर्व समाजांच्या बाया असतात. वाहतूक मोकळी करायची म्हणून त्यांना हटवायचा विषय निघतो तेव्हा तो ‘आपला’ प्रश्न नाही असे समजणे आम्हाला चुकीचे वाटते. उपविधी करण्याआधी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, ती सूचना फलकावर लागते. कार्यालयाचा फलक आठवड्यातून एकदा मोबाईलवर फोटो काढून गटात टाकणे, एवढे काम एकाने अंगावर घेतले तरी पुष्कळ झाले.

नावांचा एक विषय यातच येतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यायचा निर्णय घेतला. बदलायच्या नावांच्या उदाहरणांत ‘महारवाडा’ होते आणि ‘बौद्धवाडा’ही होते. पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याबद्दल आमच्यातही दोन मते आहेत. बौद्ध हे जातीचे नाव नाही, ते १९५६ नंतर आपण स्वतः घेतलेले नाव आहे, मग ते का पुसायचे, असे एक म्हणणे. नाव धम्माचे असले तरी पोस्टमनपासून तलाठ्यापर्यंत सगळे ते जातीचा पत्ता म्हणूनच वाचतात, असे दुसरे. आम्ही पहिल्या बाजूला झुकतो. पण निर्णय सभागृहात परस्पर होऊ नये, वाडीने आधी विहारात बसून आपले म्हणणे लेखी द्यावे, यावर दोन्ही बाजू एक आहेत.

पालीत आणि आसपास जे तरुण हे काम हाती घेऊ इच्छितात त्यांनी सुरुवात एका वहीपासून करावी. आपल्या प्रभागाबद्दल नगरपंचायतीने पहिल्या सभेपासून केलेला प्रत्येक ठराव, त्याची तारीख, निधी, कार्यादेश झाला का, काम झाले का, आणि ठराव नंतर बदलला किंवा रद्द झाला का, असे रकाने पाडावेत. शेवटचा रकाना लोक विसरतात. महाडमध्ये सगळे त्याच रकान्यात घडले होते. वही विहारात ठेवावी, म्हणजे कार्यकर्ते बदलले तरी ती बदलत नाही, आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे ती वाचावी.