कोणी पाडलंच नाही, मग हरला कसा?

मागच्या रविवारी नातू मोबाईलवर कुस्ती पाहत बसला होता. पॅरिस ऑलिंपिकमधली, ऑगस्ट २०२४ ची. आपली रीतिका हुडा आणि समोर किर्गिझस्तानची पहिलवान. सहा मिनिटं संपली, गुण १-१, आणि पंचांनी हात वर केला तो किर्गिझस्तानच्या मुलीचा. नातू म्हणाला, "आबा, रीतिकाला कोणी पाडलंच नाही. मग हरली कशी?"

मंडळी, हाच प्रश्न आमच्या सानगडीच्या घरात पंचावन्न वर्षांपूर्वी विचारला गेला होता. तेव्हा उत्तर कोणाजवळच नव्हतं.

आधी नातवाला दिलेलं उत्तर सांगतो. मॅटवर नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं. त्याच्या बाहेर पाय पडला की समोरच्याला एक गुण. जो अंगाला भिडत नाही, नुसता वेळ काढतो, त्याला पंच आधी ताकीद देतात, मग तीस सेकंदांची मुदत. त्यात कोणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण मिळतो. रीतिकाच्या कुस्तीतले दोन्ही गुण असेच वेळकाढूपणाचे होते. अशी बरोबरी झाली की शेवटचा गुण ज्याचा, त्याची कुस्ती.

आपल्या मातीत असं काही नव्हतं. आमच्याकडच्या आम दंगलीत लोक गोल करून बसत, त्यांचे पाय हीच हद्द. जोड लोकांच्या अंगावर गेली की पंच दोघांना धरून मधे आणत आणि कुस्ती पुन्हा लागे. गुण नाही, दंड नाही. पाठ लागली तर निकाल, नाही तर बरोबरीत सुटली. वेळ काढणाऱ्याला शिक्षा एकच, लोकांची हुर्यो!

पण नुसत्या हुर्योने भागत नाही, हे जगाला फार आधी कळलं होतं. १९१० च्या सप्टेंबरात लंडनला गामा पहिलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को जो पालथा पडून मॅटला चिकटला, तो अडीच तास उठेना. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी पुन्हा लढायचं ठरलं, तर हा आलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तर एक कुस्ती अकरा तास चाळीस मिनिटं चालली. जिंकणारा क्लाइन इतका थकला होता की अंतिम कुस्तीला उभाच राहू शकला नाही. असल्या कुस्त्या पाहिल्या म्हणजे घड्याळ, रेघ आणि ताकीद कशासाठी आली ते समजतं. नियम वाईट नाहीत. ते लढणाऱ्याला माहीत मात्र हवेत.

आपले खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. मातीत तयार झालेला हा माणूस १९४८ साली लंडनला मॅटवर लढला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तिथे जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या पहिलवानासमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो पंचांना दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

आता दादाची गोष्ट. १९६९ च्या हिवाळ्यात माझा थोरला भाऊ कॉलेजतर्फे नागपूरला आंतरमहाविद्यालयीन कुस्तीला गेला. मॅटवर पहिल्यांदाच. मी सोबत होतो. मातीतल्या सवयीने तो मागे सरकत समोरच्याला अंगावर घेत होता, डाव लावायची वाट पाहत होता. दोनदा रेघेबाहेर गेला. दोनदा ताकीद मिळाली, तीही इंग्रजीत. त्याला वाटलं, मधे बोलावताहेत. तिसऱ्या वेळी हात वर झाला तो समोरच्याचा.

गावात आलो तर पारावर एकच प्रश्न, "बाहेर काहून गेला गा?" कोणी म्हणालं, घाबरला. दादाने त्यानंतर लंगोट बांधला नाही. घरातही वर्षानुवर्षं "नागपूरहून पळून आलेला" अशी त्याची थट्टा होत राहिली. त्या थट्टेत मीही हसलो आहे.

जे आजवर कोणाला सांगितलं नाही, ते आज लिहितो. कुस्तीच्या आदल्या रात्री नियमांचं छापील पत्रक आमच्या हातात आलं होतं. इंग्रजी होतं. दादा म्हणाला, "तू बी.ए. करतोस, वाच न जरा." मराठी माध्यमाचा मी, दोन ओळी वाचल्या, शब्द अडले. अडले म्हणायची लाज वाटली. "काही विशेष नाही, नेहमीचंच आहे," असं म्हणून पत्रक घडी करून ठेवलं.

पुढे चौतीस वर्षं शिकवलं. पोरांना सांगत आलो, समजलं नाही तर हात वर करा. का सांगत होतो, ते मला ठाऊक होतं.

दादा २०११ साली गेला. पुतण्यांनो, तुमचे बाबा पळाले नव्हते. त्यांना नियम वाचून दाखवणारा माणूस शेजारीच बसला होता, आणि त्याने तो वाचला नाही. आता कोणी ती थट्टा केली तर हे सांगा.

असो. नातू परवा तालुक्याला शाळेच्या कुस्तीला जाणार आहे. काल संध्याकाळी नियमांचं पुस्तक घेऊन दोघे बसलो होतो. तीन शब्द मला अडले. ते त्यालाच विचारले.